संकेतस्थळाचा फुकट साज आणि आतला चोरदरवाजा

भीमा नदीच्या काठी वसलेले वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील गाव महाराष्ट्रात कोणालाही अपरिचित नाही. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी या गावी आहे. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने महाराजांची हत्या करविली. त्या बलिदानाच्या स्मरणार्थ दरवर्षी फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुक आणि जवळच्या तुळापूर येथे दूरदूरच्या गावांहून लोक येतात. एरव्हीही शाळांच्या सहली आणि इतिहासाचे अभ्यासक यांची येथे ये-जा चालू असते.

येणाऱ्या माणसाला प्रथम हवी असते ती माहिती. रस्ता कोणता, समाधिस्थळ केव्हा उघडे असते, सहलीसोबतच्या मुलांना पाणी कोठे मिळेल, हे त्याला समजावयास हवे असते. पूर्वी हे सारे चावडीवर किंवा एस.टी.च्या थांब्यावर विचारले जाई. आज मनुष्य हातातील मोबाईलवर गावाचे नाव लिहितो आणि समोर जे पान उघडेल त्यावर विश्वास ठेवून निघतो. दुसऱ्या बाजूने, माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती होऊन प्रसिद्ध करावी, असे अभिप्रेत आहे. अशा परिस्थितीत पंचायतीने, शाळेने किंवा एखाद्या स्मारक समितीने स्वतःचे संकेतस्थळ उभारावे, ही इच्छा स्वाभाविक होय आणि ती स्वागतार्हही आहे.

परंतु वढू बुद्रुकसारख्या गावाच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालत नाही. येथे लिहिलेल्या शब्दाला वजन आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस याच गावात इतिहासविषयक एका फलकावरून वाद निर्माण झाला. त्यानंतर १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार होऊन एका तरुणाला प्राण गमवावे लागले. फलक निदान गावाच्या वेशीत असतो, तो कोणी लावला व कोणी काढला हे पाहणारे डोळे आजूबाजूला असतात. संकेतस्थळ हाही गावाचा फलकच आहे. मात्र तो एकाच वेळी सर्वत्र दिसतो, आणि त्यावरील मजकूर हजारो मैलांवरील अज्ञात हाताने रातोरात बदलणे शक्य असते. म्हणूनच या फलकाची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही, तो पंचायतीचा प्रश्न ठरतो.

थीम म्हणजे काय?

संकेतस्थळ उभारण्यासाठी आज जगात सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे वर्डप्रेस. २००३ साली सुरू झालेली ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिचे मराठी रूपांतरही उपलब्ध आहे. प्रणाली म्हणजे घराचा पाया आणि भिंती असे मानले, तर त्या घराला दिसण्याजोगे रूप देणारा जो तयार साज मिळतो, त्याला ‘थीम’ असे म्हणतात. मथळा कोठे असावा, छायाचित्रे कशी सरकावीत, रंग कोणते असावेत, हे सारे थीम ठरविते. हजारो थीम फुकट मिळतात. गावातील संगणकाची जाण असलेला एखादा तरुण एका संध्याकाळी थीम उतरवून घेतो, चार छायाचित्रे व सरपंचांचा संदेश टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी मासिक सभेत संकेतस्थळ सुरू झाल्याचे जाहीर होते. त्या तरुणाचा उत्साह निःसंशय कौतुकास्पद आहे.

येथे एक गैरसमज मात्र दूर करावयास हवा. थीम ही नुसती रंगसफेदी आहे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. थीममध्ये चित्रांबरोबर संगणकाला दिलेल्या आज्ञा असतात. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते, त्या सर्व्हरवर त्या आज्ञा पाळल्या जातात, आणि मूळ प्रणालीला जे अधिकार असतात, जवळजवळ तेच अधिकार थीमलाही मिळतात. थीम मजकूर वाचू शकते, तो बदलू शकते आणि नवा व्यवस्थापकही नेमू शकते. भिंतीला रंग देण्यासाठी बोलाविलेल्या कारागिराच्या हाती घराच्या सर्व किल्ल्या द्याव्यात, तसा हा प्रकार आहे. कारागीर ओळखीचा व सचोटीचा असेल तर चिंता नाही. तो कोण, कोठला, हेच ठाऊक नसेल तर मात्र विचार केला पाहिजे.

मुक्त आणि फुकट

जे विनामूल्य मिळते ते सारे धोक्याचे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. वर्डप्रेस स्वतः मुक्त परवान्याखाली दिली जाते. मुक्त याचा अर्थ असा, की तिच्यातील प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि सुधारता येते. अनेकांच्या डोळ्यांखालून गेलेले काम विश्वासार्ह होत जाते. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात थीम ठेवण्यापूर्वी तिची छाननी होते, आणि वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात आज्ञा लपविण्यास तेथे मनाई आहे.

फुकट ही वेगळी गोष्ट आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो, पण संगणकाच्या जगात फुकटाचे मोल कोणी तरी, कोठे तरी मोजीतच असतो. विशेषतः ज्या थीम मूळ निर्मात्याने पैसे घेऊन विकावयाच्या ठेवलेल्या असतात, त्यांची परवान्याची कुलपे तोडून काही मंडळी त्या फुकट वाटतात. त्यांना ‘नल्ड’ थीम असे म्हणतात. दोन-तीन हजार रुपयांची वस्तू कोणी अनोळखी मनुष्य दारोदार फुकट वाटीत असेल, तर तो दानशूर आहे की त्याचा काही अन्य हेतू आहे, असा प्रश्न गावातील जाणत्या माणसाला लगेच पडेल. संगणकासमोर बसल्यावर मात्र तो प्रश्न पडत नाही, हीच खरी अडचण आहे.

चोरदरवाजा कसा असतो?

आपल्या गडकोटांना चोरदरवाजे असत. त्यांची वाट गडावरील मोजक्या माणसांनाच माहीत असे आणि त्यांचा उपयोग गडाच्या रक्षणासाठी होई. थीममधील चोरदरवाजा याच्या नेमका उलट असतो. त्याची वाट शत्रूला ठाऊक असते, किल्लेदाराला मात्र नसते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्समधील फॉक्स-आयटी या संस्थेने अशाच एका प्रकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या प्रकाराला ‘क्रिप्टो-पीएचपी’ असे नाव देण्यात आले. कुलपे तोडलेल्या थीममध्ये ‘सोशल’ या नावाची, चित्राची असावी अशी दिसणारी एक फाईल ठेवलेली असे. प्रत्यक्षात ती फाईल चित्र नव्हतीच. तिच्यात आज्ञा होत्या, आणि त्या आज्ञांच्या आधारे संकेतस्थळ परक्या ठिकाणाहून हुकूम घेऊ लागे. तपासात २३ हजारांहून अधिक ठिकाणचे सर्व्हर असे हुकूम मागत असल्याचे आढळले. या साऱ्या संकेतस्थळांच्या चालकांनी ती थीम स्वतःच्या हाताने बसविली होती. बाहेरून कोणीही दार फोडले नव्हते.

पुढे ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ नावाच्या दुसऱ्या प्रकाराची नोंद झाली. वर्डफेन्स या सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत दिला. याचाही प्रसार फुकट वाटलेल्या नल्ड थीममधूनच झाला. हा रोग एका थीमपुरता थांबत नसे. त्याच संकेतस्थळावरील इतर थीममध्ये, आणि त्याच सर्व्हरच्या खात्यावरील शेजारच्या संकेतस्थळांमध्येही तो शिरे. बदललेल्या फाईलवरील तारीखही तो पूर्ववत करून ठेवीत असे, म्हणजे तपासणाऱ्याला फाईल जुनीच वाटावी. पंचायत, शाळा आणि दूध संस्था यांची संकेतस्थळे काटकसर म्हणून एकाच खात्यावर ठेवलेली असतील, तर एका दारातून आलेला चोर तिन्ही घरांतून फिरू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गावाच्या पानावर चोरण्यासारखे काय आहे? त्याचे उत्तर असे, की चोरावयाचे असते ते गावाचे नाव. शोधयंत्रे जुन्या, विश्वासू संकेतस्थळांना मान देतात. त्या मानाचा लाभ मिळावा म्हणून सट्टा, जुगार व बनावट औषधे यांचे दुवे अशा पानांत लपवून ठेवले जातात. कित्येकदा हे दुवे केवळ शोधयंत्राला दिसतात, मनुष्याला दिसत नाहीत. कित्येकदा संकेतस्थळाच्या चालकाला पान स्वच्छ दिसते, आणि मोबाईलवरून प्रथमच येणारा वाचक मात्र भलतीकडे नेला जातो. सहलीची तयारी करणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने समाधिस्थळाची माहिती उघडावी आणि समोर सट्ट्याचे पान यावे, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? मे २०२४ मध्ये गोव्यासह काही राज्यांच्या शासकीय संकेतस्थळांच्या दुव्यांवरून वाचक सट्टेबाजीकडे वळविले जात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. चोर कोणत्याही वाटेने आलेला असो, शासकीय नावाची किंमत त्याला पुरेपूर माहीत असते, एवढे यावरून स्पष्ट होते.

सचोटीचे दुकानही फुटते

यावर कोणी म्हणेल, की आम्ही नल्ड थीम घेणार नाही, निर्मात्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घेऊ. हे उत्तमच, परंतु तेवढ्याने काम भागत नाही. नेपाळमधील ॲक्सेसप्रेस ही कंपनी अनेक वर्षे थीम तयार करून देत होती. तिचे संकेतस्थळ सप्टेंबर २०२१ मध्ये फोडण्यात आले आणि तेथून मिळणाऱ्या ४० थीम व ५३ जोड-साधने यांत चोरदरवाजा घालण्यात आला. जेटपॅक या संस्थेच्या तपासनिसांनी जानेवारी २०२२ मध्ये हे उघडकीस आणले. चोरदरवाजा बसविणारी फाईल आपले काम झाले की स्वतःलाच पुसून टाकीत असे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की याच वस्तू वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातही होत्या आणि तेथील प्रती स्वच्छ होत्या. वस्तू तीच, निर्माता तोच, पण कोणत्या कोठारातून उचलली यावर सारे अवलंबून राहिले.

दुसरा धोका विस्मृतीचा आहे. छायाचित्रे लहानमोठी करणारे ‘टिमथंब’ नावाचे एक छोटे साधन एके काळी असंख्य थीममध्ये अंतर्भूत असे. ऑगस्ट २०११ मध्ये त्यातील दोष उघड झाला. त्या दोषातून परक्यांना संकेतस्थळावर आपल्या फाईली चढविता येत होत्या. दोष दुरुस्त झाला, पण ज्या थीमकडे त्यांच्या निर्मात्यांनी पाठ फिरविली होती, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचली नाही. फुकट थीमचा निर्माता कोणाला बांधलेला नसतो. तो उद्या नोकरीला लागला, थकला, कंटाळला, तर त्याच्या थीमची डागडुजी थांबते. विहिरीवरचा कठडा पडला तर गाव तो पुन्हा बांधते, थीमचा कठडा पडल्याचे गावाला कळतही नाही.

तिसरा धोका उसनवारीचा. पुष्कळ थीम आपल्याला लागणाऱ्या काही वस्तू स्वतःजवळ ठेवीत नाहीत. पान उघडले की त्या दर वेळी दुसऱ्याच्या सर्व्हरवरून मागवितात. ‘पॉलिफिल’ नावाचे असेच एक उपयुक्त साधन एक लाखाहून अधिक संकेतस्थळे उसने घेत होती. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या साधनाच्या पत्त्याची मालकी बदलली आणि जूनमध्ये त्यातून दूषित आज्ञा पाठविल्या जात असल्याचे निष्पन्न झाले. मोबाईलवरील वाचक सट्ट्याच्या पानाकडे नेले जात होते, मात्र संकेतस्थळाचा व्यवस्थापक स्वतः पाहू लागला की सारे सुरळीत दिसे. ज्यांनी आपल्या घरी काहीच बदलले नव्हते, त्यांच्याही घरी चोरी झाली ती अशी.

उसनवारीची आणखी एक बाजू आहे. परक्या सर्व्हरकडून वस्तू मागविली की वाचकाच्या संगणकाचा पत्ताही त्या सर्व्हरला कळतो. जर्मनीतील म्युनिक येथील न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, वाचकाची संमती न घेता गूगलच्या सर्व्हरवरून अक्षरवळण मागविणाऱ्या एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई देण्यास सांगितले. आपल्या देशातही २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला आहे. नागरिकांची नावे, मोबाईल क्रमांक व तक्रारी ज्या पानावर भरून घेतल्या जातात, तेथे ही जबाबदारी अधिकच वाढते.

मराठीची आबाळ

फुकट थीमचा एक तोटा चोरीचा नाही, पण मराठी माणसाला जाणवावा असा आहे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या असतात. रोमन अक्षरांत अंतर सोडले तर मथळा भारदस्त दिसतो, देवनागरीत तेच केले तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. ओळींची उंची कमी ठेवली तर खालचे उकार कापले जातात. ‘वढू’ चा दीर्घ उकार आणि ‘बुद्रुक’ चे दोन्ही उकार नाहीसे झाले, तर गावाचे नावच ओळखू येणार नाही. मजकूर ठराविक लांबीला तोडताना काही थीम अक्षराच्या मध्येच कात्री चालवितात आणि शेवटी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उरते. तेव्हा इंग्रजी नमुना पाहून थीम पसंत करू नये. आपल्या गावाचे नाव आणि एक मोठा मराठी परिच्छेद घालून ती आधी पाहावी.

काय करावे?

धोके सांगून कोणाला संकेतस्थळापासून परावृत्त करणे हा येथे हेतू नाही. थोडी शिस्त पाळली तर यांतील बहुतेक धोके टाळता येतात.

पहिली गोष्ट अशी, की स्वतंत्र घर बांधण्यापूर्वी शासनाच्या वाड्यात जागा आहे का, हे पाहावे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी ‘एस-थ्री-वास’ ही सुरक्षित व सुगम व्यवस्था उभारली असून देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर चालतात. पंचायतीने प्रथम जिल्हा परिषदेकडे आणि जिल्ह्यातील या केंद्राच्या कार्यालयाकडे विचारणा करावी.

स्वतंत्र संकेतस्थळच करावयाचे ठरले, तर थीम केवळ प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. तिची शेवटची सुधारणा केव्हा झाली, ती किती संकेतस्थळांवर वापरात आहे आणि वापरणाऱ्यांचे अभिप्राय काय आहेत, हे तेथेच लिहिलेले असते. वर्षानुवर्षे न सुधारलेली थीम कितीही देखणी असली तरी घेऊ नये. नल्ड थीमचा तर विचारही करू नये. एखादी खाजगी संस्था संकेतस्थळ करून देणार असेल, तर कोणती थीम व कोणती जोड-साधने वापरली, ती कोठून घेतली आणि त्यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत, याची यादी तिच्याकडून लेखी घ्यावी. सिमेंटचा दर्जा तपासल्याशिवाय आपण रस्त्याचे देयक मंजूर करीत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

बसविल्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. प्रणाली, थीम आणि जोड-साधने यांच्या सुधारणा वेळच्या वेळी कराव्यात. वापरात नसलेल्या थीम नुसत्या बंद न ठेवता काढून टाकाव्यात. बंद खोलीतही चोर राहू शकतो. संपूर्ण संकेतस्थळाची प्रत ठराविक काळाने काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नागरिकांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील किंवा लाभार्थ्यांची खाजगी माहिती अशा संकेतस्थळावर मुळीच ठेवू नये. आठवड्यातून एकदा कोणी तरी आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या मोबाईलवरून, शोधयंत्रामार्फत संकेतस्थळ उघडून पाहावे. चालकाला न दिसणारी गोष्ट परक्याला आधी दिसते, हे वरील उदाहरणांवरून दिसून आलेच आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब कागदाची आहे. संकेतस्थळाचा पत्ता पंचायतीच्या नावावर असावा, कोणा व्यक्तीच्या नव्हे. पासवर्ड कोणाकडे आहेत, मजकूर कोण मंजूर करतो आणि बदल कोण करतो, याची नोंद मासिक सभेच्या ठरावात असावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली झाली किंवा संकेतस्थळ सांभाळणारा तरुण शहरात नोकरीला गेला, तर किल्ल्या रीतसर हस्तांतरित व्हाव्यात आणि जुने पासवर्ड बदलावेत. दप्तर सोपविण्याची आपली जुनी पद्धत याही दप्तराला लागू आहे.

एवढे करूनही काही विपरीत घडलेच, तर ते झाकून ठेवू नये. पान तात्पुरते बंद करावे, पुरावा म्हणून त्याची छायाचित्रे व नोंदी जपून ठेवाव्यात, आणि भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाला, म्हणजे सर्ट-इनला, कळवावे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आवश्यक आहे. त्याचबरोबर पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार द्यावी. गावात खोटा मजकूर पसरला असल्यास खरी वस्तुस्थिती दवंडी, सूचना फलक व शाळा यांच्यामार्फत त्वरित सांगावी. अफवेच्या पाठोपाठ सत्य पोहोचण्यास जेवढा उशीर होतो, तेवढे नुकसान वाढत जाते.

मित्रहो, वढू बुद्रुकच्या समाधीपुढे उभा राहणारा मनुष्य एका विश्वासाने तेथे आलेला असतो. त्याच विश्वासाने तो गावाच्या नावाचे पान उघडतो. त्या पानावरचा प्रत्येक शब्द गावाने लिहिलेला आहे, गाव त्याला उत्तरदायी आहे, अशी त्याची समजूत असते. ती खरी ठरविण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. साज देखणा आहे की नाही हे पाहण्यापूर्वी तो कोठून आला, त्याची डागडुजी कोण करतो आणि त्याची किल्ली कोणापाशी आहे, हे तीन प्रश्न मासिक सभेत विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहिली जावीत. गडाचा दरवाजा सायंकाळी बंद झाला की नाही, हे पाहिल्याशिवाय किल्लेदाराने झोपू नये, असा आपला जुना शिरस्ता होता. गावाच्या या नव्या दरवाजालाही तो लागू करावा.